मरुताच्या सावलींत

वसईचा किल्ला दाखवीत १७३९ सालच्या चिमाजीअप्पांच्या विजयाची हकीकत सांगण्यांत माझी मास्तरकीची हयात गेली. परवांच्या सुटींत मात्र दोघां नातवंडांनीं मलाच विद्यार्थी केलें. सौभाग्यवती, धाकटी सूनबाई व हीं मुलें यांसह वरळीचें नेहरू विज्ञान केंद्र पाहून आलों. तेथें मिळालेला धडा वाचकांपुढें ठेवतों.

सकाळीं वसई रोडास लोकल धरली, खाडी ओलांडली, दादरास गाडी बदलली आणि महालक्ष्मीस उतरलों. तेथून केंद्र फारसें लांब नाहीं. १९७९ मध्यें, आंतरराष्ट्रीय बालवर्षांत, येथें प्रथम विज्ञान-उद्यान झालें. ११ नोव्हेंबर १९८५ रोजीं केंद्राचें उद्घाटन झालें. इतर संग्रहालयांत 'हात लावूं नये' अशी पाटी असते. येथें कळ दाबावी, चाक फिरवावें आणि काय होतें तें स्वतः पाहावें, अशी रीत आहे.

उद्यानांत एक लढाऊ विमान उभें आहे. त्याचें नांव 'मरुत'. वेदांतील वादळाच्या देवतांचें हें नांव वाचून मला भरून आलें. जर्मन तज्ज्ञ कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखालीं बंगळुरास याची रचना झाली. १७ जून १९६१ रोजीं तें प्रथम उडालें आणि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर लढलें. बांधणी उत्तम, पण इंजिनांचें बळ अपुरें, ही त्याची उणीवहि इतिहासानें लपविलेली नाहीं.

त्याच्या सावलींत नातीनें तिकिटाच्या कागदाची पट्टी फाडून ओठांशीं धरली व वरून फुंकर मारली. लोंबता कागद वर उचलला गेला! मीं सांगितलें, "वाऱ्याचा झोत कागदाच्या वळणास धरून जातो, वरचा दाब कमी होतो आणि खालची हवा कागदास उचलते. पंखाचेंहि असेंच."

उत्साहाच्या भरांत मी पुढें गेलों, "आणि बरें का, आपल्या मुंबईच्या शिवकर बापूजी तळपद्यांनीं १८९५ सालींच चौपाटीवर विमान उडविलें होतें."

"तें पाहिलं कुणीं, आजोबा? त्याला इंजिन कसलं होतं?"

मी निरुत्तर झालों. तळपद्यांच्या जिज्ञासेविषयीं मला आदर आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा नाहीं. प्राचीन म्हणविलेल्या 'वैमानिक शास्त्रा'ची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ मध्यें परीक्षा केली. ग्रंथ विसाव्या शतकांतला आणि त्यांतील विमानें उडूं न शकणारीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हें मी निवृत्तीपूर्वींच वाचलें होतें. त्या संस्कृताचा नवेपणा मलाहि जाणवला होता. तरीहि वर्गांत ती गोष्ट सांगतच राहिलों, कारण ती ऐकतांना मुलांचे चेहरे फुलत!

"बाळ," मी म्हणालों, "मीं तें पडताळलें नाहीं. चुकीचें सांगत आलों."

सूनबाई हळूच म्हणाल्या, "असूं द्या हो, मामंजी." नात मात्र म्हणाली, "मग खरं काय तें सांगा."

मीं राइट बंधूंची हकीकत सांगितली: १७ डिसेंबर १९०३, पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें, अंतर १२० फूट, त्याचें छायाचित्रहि आहे. लगेच नातू पावलांनीं १२० फूट मोजीत निघाला. "एवढंच?" तो ओरडला. एवढेंच, पण तें खरें होतें.

रघुवंशाच्या तेराव्या सर्गांतील पुष्पकाची शोभा यानें तिळमात्र उणी होत नाहीं. काव्य काव्याच्या जागीं अमोल आहे; परंतु प्रत्यक्षाच्या आसनावर त्यास बसवूं नये. किल्ल्याची हकीकत सांगतांना वसईचे बुरूज माझे साक्षी असतात. चौपाटीच्या गोष्टीस साक्षी कोणीच नव्हता.

वाचकांनीं मुलांसह हें केंद्र अवश्य पाहावें. आणि माझे जुने विद्यार्थी हा लेख वाचतील, तर त्यांनीं एवढी दुरुस्ती आपल्या वहींत करून घ्यावी.