लोखंडाचं पाणी

आमच्याकडं लोखंडाला पाणी असतं. ते द्यावं लागतं, चढवावं लागतं आणि हलगर्जीपणा झाला की ते उतरतं. म्हातारी माणसं कोयत्याच्या धारेवर अंगठा आडवा फिरवून "पाणी बरं बसलंय" म्हणायची, तेव्हा मी पातं उलटंसुलटं करून बघायचो. नारळात असतं तसं ते पात्यातही कुठंतरी असणार आणि कानाशी धरून हलवलं तर डुचमळेल, अशी माझी समजूत होती.

घर शहापूरहून किन्हवलीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत. पुढच्या अंगणात भात वाळतं, मागच्या पडवीत लेथ उभा. आमच्या भागात यात नवल नाही. आसनगावात किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी बांधावर पाणी वळवताना दिसतोच. बाबा मात्र ठाण्याला जायचे, वागळे इस्टेटीत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली तेव्हाची तिची ही पहिली वसाहत. तिथल्या त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा हिशेबाच्या पैशांतून त्यांनी मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगारबाजारातला एक साडेचार फुटी लेथ उचलला. टेम्पोतून उतरवायला सात माणसं लागली. आजीनं नव्या सुनेवरून ओवाळावा तसा त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मगच त्याला पडवीत घेतलं.

लेथचा बेड बिडाचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला. पेन्सिलीतलं शिसं ते हेच. म्हणून बीड कापताना वरून काही सोडावं लागत नाही. आपल्यापुरतं वंगण ते अंगातच घेऊन आलेलं असतं. काळी भुकटी पडते आणि दिवसभराच्या कामानंतर नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. पोलादाचा दांडा मात्र चकमध्ये फिरू लागला की तहानतो. त्याच्यावर कूलंटची धार धरावी लागते. वीस भाग पाण्याला एक भाग तेल, दिसायला थेट दुधासारखं. बाबा आधी पाणी घेत आणि त्यात तेल सोडत. उलट केलं की ते नीट मिसळत नाही, गुठळ्या धरतात. उन्हाळ्यात चार दिवस लेथ बंद राहिला की हे दूध नासायचं. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "तुमच्या म्हशीला एकदा बघा हो."

भंगारातून आलेला लेथ कुठं किती राबला ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. चकच्या जवळ बेड सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक कामं तिथंच होतात. पार टोकाला, टेलस्टॉककडं, तो जवळजवळ कोरा राहतो. आमच्या उंबरठ्याचंही तसंच, मधोमध खोलगट. या झिजेमुळं लांब दांडा कापला की एका टोकाला केसाच्या जाडीइतका फरक पडायचा. बाबांना हा फरक पाठ होता. शेवटचा कट घेताना ते मायक्रोमीटर दोनदा लावत, हँडल किंचित मागं घेत आणि दांडा सरळ उतरवत. पाय अधू असलेल्या माणसाबरोबर चालताना आपण नकळत पावलं आखूड टाकतो, तसं ते होतं.

सगळ्यात मोठं वैर पावसाळ्याचं. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पण छपरातून गळणाऱ्या थेंबाची भीती नसते. थेंब दिसतो, पुसता येतो. भीती घामाची. रात्रभर गार झालेला शेकडो किलोचा बेड सकाळी लवकर तापत नाही आणि दमट हवा त्याला शिवली की त्याच्यावर दव धरतं. हात फिरवला तर तळवा ओला होतो. दुपारपर्यंत तिथं हळदीसारखी पिवळट झाक येते, दुसऱ्या दिवशी ती विटकरी होते. ॲल्युमिनियमही हवेत असंच मळतं, पण त्याच्यावर धरलेली साय घट्ट असते, खालच्या धातूला झाकून ठेवते. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून फुगतो, खपलीसारखा सुटतो आणि पुन्हा कोवळं लोखंड उघडं पाडतो.

यावर बाबांनी तोडगे जमवले होते. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत लोक बैल बघत हिंडायचे; बाबांनी तिथून एक जाडजूड घोंगडी आणली आणि ती लेथला पांघरली. बेडवर आधी तेलाचा हात. मग घोंगडीच्या आत, लोकरीपासून हातभर लांब, जाळीच्या पिंजऱ्यात साठ वॅटचा बल्ब. त्याच्या उबेनं लोखंड हवेपेक्षा जरासं गरम राहतं, तेवढ्यानं दव धरत नाही. पुढं बाजारात एलईडी आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. "पिवळा बल्ब आता कोण घेतं?" म्हणत दुकानदारानं माळ्यावरून धूळ बसलेले चार काढून दिले, ते आम्ही पुरवून पुरवून वापरले. टॅप, डाय, ड्रिल, व्हर्निअर यांच्या पेटीत कापराच्या वड्या. देव्हाऱ्यातला कापूर सारखा कसा संपतो, याचा आईला बरीच वर्षं पत्ता नव्हता.

पाणी उतरणं म्हणजे काय ते मला नववीत कळलं. राबाचे दिवस होते. भाताच्या रोपांची जागा भाजायला लोक झाडांचे टाळ तोडत होते, आणि शेजारची काकू कोयत्याला धार लावायला घेऊन आली. बाबा घरी नव्हते. मी ग्राइंडर सुरू केला. ठिणग्यांचा पिसारा उडत होता, काकू कौतुकानं बघत होती आणि मला थांबावंसं वाटेना. धारेवर निळा रंग चढला, मोराच्या मानेसारखा. मला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी काकू परत आली. ऐनाच्या पहिल्याच फांदीवर धार पत्र्यासारखी वळली होती. "बाळा, धार पळाली बघ," एवढंच ती म्हणाली. बाबांनी पातं उजेडात धरलं. "पाणी उतरवलंस तू त्याचं." माझंही उतरलं होतं.

दगडावर दोन घास दिले की पातं पाण्यात बुडवायचं, पुन्हा दोन घास, पुन्हा बुडवायचं, एवढंच करायचं होतं. तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं होतं आणि त्याचा कडकपणा ढिला पडतो. हे मी नंतर शिकलो. त्या दिवशी कोयता घेऊन बाजाररस्त्याच्या लोहाराकडं जावं लागलं.

लोहाराच्या पालाबाहेर ट्रकच्या कमानीचे पाटे रचलेले. मुंबई-आग्रा रस्ता उशाला आणि पुढं कसारा घाट. पाट्यांना काय तोटा! चांगला कोयता पाट्याचाच. बांधकामाची सळई कितीही तापवा, ती पाणी घेत नाही. तिच्यात कार्बन फार थोडा. लोहारानं पातं भात्यापुढं धरलं. लाल झालं, आणखी उजळलं, तशी फक्त धारेची कड पिंपात टेकवली. चर्र आवाज झाला. तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळून मोकळा हिंडत असतो. गारवा असा अचानक आला की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि ती कड ताठरते. पण नुसतं ताठरलेलं पातं काचेसारखं तडकतं. म्हणून लोहारानं ते लगेच बाहेर काढलं, धारेची कड दगडावर घासून पांढरी केली आणि मला जवळ ओढलं. मागच्या जाड भागात उरलेली धग धारेकडं येत होती आणि तिच्यापुढं एक रंग सरकत होता, वाळल्या गवताचा.

"रंगाव ध्यान ठेव. पिवळा आला का बुडवायचा. निळ्याची वाट बघशील तर पुन्हा तुझ्यावानी होईल."

पिवळा धारेला टेकला आणि पातं पिंपात गेलं. मग तो म्हणाला, "घे, दिलं पाणी."

पाणी देणं हा तसा आमच्या तालुक्याचाच धर्म. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, नंतर भातसाचं जाऊ लागलं. आणि वैशाखात आमच्याच पाड्यांवर हंडे टँकरची वाट बघत रांगेत असतात. एकदा बाबांबरोबर तानसाचे नळ बघितले. माणूस उभा मावेल एवढे, आतून पाणी, बाहेरून पाऊस. मी त्यांच्या आकाराकडं बघत राहिलो. बाबांनी नखानं रंगाचा पोपडा उचकटून खालचं लोखंड बघितलं आणि म्हणाले, "यांनाही रोज कुणीतरी लागत असेल." नळ असो की व्हर्निअर, लोखंडाचं पाण्याशी एकदा जमवून दिलं म्हणजे संपलं असं होत नाही.

आता बाबांचा हात कापतो. लेथ मी चालवतो, ते खुर्चीवरून आवाज ऐकतात आणि बेअरिंग कधी बोलू लागलं ते माझ्या आधी सांगतात. यंदा खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडायला काढली. कानशी, पक्कड, हातोडे, सांडशी, सगळी पुसून लख्ख. गुण्या काढला तर त्याच्या चकचकीत पात्यावर तांबूस डाग. जूनमध्ये घाईत पाऊस आला म्हणून मी तो उघड्या हातानं उचलून पेटीत टाकला होता. घामातल्या मिठानं चार महिने आपलं काम केलं होतं. बाबांनी गुण्या डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडं तिरपा केला. तो डाग नव्हता. वळणावळणांच्या बारीक रेषा होत्या, अख्खा अंगठा.

"सही केलीस होय?" ते म्हणाले. मग गुण्या माझ्या हातात देताना, "हे तुझं पाणी."

आई हळदकुंकवाचं ताट घेऊन खोळंबली होती. मी एमरी पेपरवर तेलाचे दोन थेंब टाकले आणि घासायला बसलो. तांबूस रंग गेला, पातं पुन्हा पांढरं झालं. तिरपं धरलं की रेषा मात्र अजून दिसतात.