घाटात गाडी तापली

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार, रात्री

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आईला फोनवर 'वाटेत जरा थांबलो' एवढंच सांगितलंय, तुला मात्र सगळं लिहिते. फोंडाघाटात पुढे चिऱ्यांचा ट्रक, काढायला जागा नाही, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत होती. एसीतून कोमट वारा यायला लागला म्हणून काटा बघते, तर लाल रेषेला टेकायला आलेला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. तुझे भावोजी माझ्याकडे बघतच राहिले. पण हीटर इंजिनाचीच ऊब आत ओढतो, तेवढाच त्याला उतारा. तरी काटा हटेना, तेव्हा रुंद वळण गाठून इंजिन बंद केलं.

वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडलं, तर भावोजींचा हात थेट रेडिएटरच्या झाकणाकडे! मी ओरडलेच. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. एक टेम्पोवाला कॅन घेऊन इंजिनावरच ओतायला निघाला होता. माया खरी, पण तापल्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकतं, तडकतं. पाऊण तास बसून राहिलो. वरचा होस हाताला सोसेल इतका निवल्यावर फडका धरून झाकण किंचित फिरवलं, फुसकारा संपल्यावर काढलं आणि पाणी थोडं थोडं भरलं.

पुढे दाजीपूर, राधानगरी मागे पडली तरी काटा निम्म्याच्या वर गेला नाही. रंकाळ्याजवळ गर्दीत अडकलो आणि पुन्हा चढला.

बुधवार, दुपारी

चि. राजू,

दोष सापडला. मावशीच्या घरामागच्या गल्लीतल्या मिस्त्रीने हात लावायच्या आधीच विचारलं, "घाटात एसी बी गार देत नव्हता न्हवं?" मग इंजिन चालू ठेवून नुसता उभा राहिला. होस तापला, काटा चढला, फॅन ढिम्म. बॅटरीवरून दोन वायरी थेट फॅनला लावल्या, तरी पातं हललं नाही. मोटर जाम. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा रेडिएटर निववतो. रांगत्या घाटात आणि गर्दीत फॅनशिवाय तरणोपाय नाही.

उद्यमनगरातून मोटर तासाभरात आली. इंजिनाचे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्यांच्या या गावात ती न मिळती तरच नवल! मिस्त्रीने ऑइलची पट्टी उपसून दाखवली. "हे चहागत झालं असतं तर हेड गॅस्केट गेलंच म्हणायचं. वाचलासा." नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो म्हणून कूलंटही घातलं.

शनिवारी तू निघशील तेव्हा फोंड्याच्या बाजारात एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेव. काटा मध्यावर स्थिरावल्यावर थोड्या वेळाने फॅन फिरल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर घाट चढू नकोस, माघारी फीर.

तुझी
ताई