कागदाचा करकोचा

गेल्या जुलैत पावसाची अशी झड लागली की, धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेली मुले तासन् तास आमच्या ओसरीवर अडकून पडू लागली. त्यांना गुंतविण्यासाठी आम्ही जुन्या दिनदर्शिकांची पाने चौकोनी कापली आणि सेमिनरीत असताना एका सहाध्यायाने शिकविलेली ओरिगामी त्यांना शिकविण्याचे योजिले. ही कला जपानची. 'ओरि' म्हणजे घडी व 'कामि' म्हणजे कागद. कातर नको, खळ नको. एक चौकोनी कागद आणि दहा बोटे एवढे भांडवल पुरते.

घडीकाम आमच्या मुलांना अपरिचित होते असे नव्हे. साधी होडी, शिडाची होडी, बंबहोडी ह्या विद्येत ती आमच्याहून सरसच होती. परंतु करकोचा ही गोष्ट निराळी. प्रथम दोन्ही कर्णांवर घड्या घालून उलगडावयाच्या, कागद पालथा करून आडवी व उभी घडी घालावयाची, आणि मग चारही कोपरे एकत्र आणून लहान चौकोन मिटवावयाचा. पुढे त्याच्या मोकळ्या कडा मध्यरेषेवर आणून उलगडावयाच्या व वरचा एकच पदर पाकळीप्रमाणे उचलून वर न्यावयाचा. येथेच निम्म्या मुलांचे कागद फाटतात. ही पाकळी दोन्ही बाजूंना साधली की मान, शेपूट व पंख आपोआप दिसू लागतात. घडी कोपऱ्याला कोपरा जुळवूनच घालावी व तीवर नख फिरवावे. आरंभी केसभर चूक झाली तर चोचीपाशी ती बोटभर होते.

शिकविणाऱ्याने मात्र मुलाच्या हातातील कागद घेऊ नये. आम्ही तो घेतला. एक मुलगा पाकळीपाशी अडला, तेव्हा आम्ही घाईने त्याचा पक्षी पुरा करून त्याच्या हाती दिला. तो त्याने ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि वर्तमानपत्राची होडी करीत बसला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपला निराळा कागद घेऊन त्याच्या शेजारी बसू लागलो.

ही कला फार पुरातन व निव्वळ जपानी, असे पुष्कळ जण मानतात. पूर्ण खरे ते नव्हे. करमणुकीच्या घड्यांचे सर्वांत जुने ज्ञात पुस्तक क्योतो येथे १७९७ साली निघाले. त्यात एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले करकोचे करण्याचे ४९ प्रकार आहेत. पण जर्मनीत फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनीही आपल्या बालोद्यानात कागदाच्या घड्यांना स्थान दिले होते. १८७६ साली तोक्योत बालोद्यान निघाले आणि हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. आपला देशही ह्यातून सुटला नाही. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी ह्याच बालोद्यानातील घड्यांवरून स्फूर्ती घेऊन १८९३ साली कागद दुमडून भूमिती शिकविणारे पुस्तक लिहिले, व त्याची दखल जर्मन गणिती क्लाइन यांनी घेतली. पुढे लोखंडाच्या कारखान्यात काम केलेले अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी तुटक रेषा व बाण यांची लिपी रूढ केली. त्यामुळे जपानी अक्षर न ओळखणारे मूलही त्यांची आकृती वाचू शकते. मराठीत डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनाही ह्या छंदाने वेड लावले होते.

हे सारे सांगता सांगता आमच्या हातून एक गोष्ट घडली. हजार करकोचे केले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानात समजूत आहे, हे आम्ही सहज बोलून गेलो. मग सादाको सासाकीची कथा सांगितली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. रुग्णालयात ती करकोचे करीत असे, औषधांच्या पुड्यांचे कागदसुद्धा तिने सोडले नाहीत. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वारली. ६४४ करकोचे झाले आणि हजार पुरे होण्याआधीच ती गेली, असे आम्ही सांगितले. १९७७ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत तसे आहे.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक दहा वर्षांची मुलगी पिशवी घेऊन आली. तिच्या आजीला अर्धांगवायू झालेला. "फादर, दोनशे चाळीस झाले. हजार झाले की आजी उठून बसेल ना?"

आम्हांस उत्तर सुचेना. घरी येऊन आम्ही सादाकोविषयी अधिक वाचले. तिचे बंधू सांगतात की, तिचे हजार करकोचे पुरे झाले होते, आणि त्यापुढेही ती करीतच राहिली. आमच्या कथेत निदान एक आडोसा होता की बिचारीचा हजार आकडा भरला नाही. तोही गेला. मुलीला हे सांगावे की नाही, ह्यावर आम्ही दोन रात्री घालविल्या. न सांगावे तर आणखी सातशे साठ घड्या ती खोट्या आशेवर घालणार, आणि ती आशा देणारे आम्हीच.

सांगितले. हजार पुरे होऊनही सादाको वाचली नाही, हेही सांगितले. तिने विचारले, "मग ती पुढे का करीत राहिली?" आम्ही म्हणालो, "ते तिलाच ठाऊक, बाळ. मी तुला चुकीचे सांगितले होते." तिने पिशवी उचलली व काही न बोलता ती निघून गेली. त्या आठवड्यात ती वर्गाला आली नाही.

नंतरच्या शुक्रवारी आजारी माणसांना कम्युनियन देण्यास निघालो तेव्हा तिच्या घरी गेलो. खाटेवर दोऱ्यात ओवलेले करकोचे टांगले होते. "बगळे," आजी अडखळत म्हणाली. आमच्या मुलांनीही त्या पक्ष्याला बगळाच केले आहे. ओढ्याकाठी त्यांना दिसतो तो तोच. मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. ती कागद आजीच्या चालत्या डाव्या हाताखाली सरकवी, आजी अंगठ्याने घडी दाबी, मग मुलगी पुढची घडी घाली. बऱ्याच घड्या वाकड्या होत्या.

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली व जुन्या दिनदर्शिका अजून शिल्लक आहेत का, असे तिने विचारले.