‘डोंबिवली फास्ट’, कानावर हेडफोन

शुक्रवारची रात्र. डोंबिवली ईस्ट, रुळांना लागून वन रूम किचन. बाबा साडेदहालाच आडवे, कारण पहाटेची लोकल! पिक्चर बघायचा तर टीव्ही म्यूट. म्हणून मित्राचे दोन वायरलेस हेडफोन उसने आणले आणि टेस्टसाठी पिक्चरही इथलाच लावला, निशिकांत कामतचा २००५चा ‘डोंबिवली फास्ट’.

पहिला ब्लूटूथवाला. टीव्हीला जोडला, तर संदीप कुलकर्णीचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. डब केलेला साउथचा पिक्चरच जणू! ब्लूटूथ आवाज आकसून पाठवतं, हेडफोन तो उलगडतो; त्यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. लॅपटॉपवर बहुतेक प्लेअर चित्रही तेवढंच थांबवून धरतात, म्हणून तिथे जाणवत नाही. दुसरा रेडिओवाला, त्याचा बेस टीव्हीला लावायचा. ओठ-शब्द एकदम, पण मागे बारीक खरखर. टीव्हीसाठी माझं मत यालाच.

तरी ब्लूटूथवाल्यात नॉइज कॅन्सलिंग होतं, मोह आवरेना. लॅपटॉपवर लावला. पंख्याची घरघर गायब, गाडीची धडधड बरीच विरली. भोंगा मात्र आरपार! पिक्चरमधला की खिडकीबाहेरचा? दोनदा हेडफोन काढून बघितलं. घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राला हा प्रश्नच पडत नाही म्हणे.

तिसऱ्यांदा काढला, तेव्हा बाबा खोकत होते. कधीपासून, कुणास ठाऊक. पाणी देऊन आलो. उरलेला पिक्चर एक कान उघडा ठेवून बघितला.