रात्री काय भिजत घालायचं?

उतारवयात कमी खावं, हलकं खावं, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. माझे वडील साठीनंतर रात्री दूध-भातावर राहायचे आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. ह्यांची वाळूजच्या कंपनीतली नोकरी संपली, तेव्हा मीही तेच सुरू केलं. भाकऱ्या कमी केल्या, वरण पातळ केलं. सकाळी पोहे, चारला चहा-खारी, रात्री मऊ खिचडी किंवा ताक-भात. आज माझं मत याच्या उलट आहे. ते का बदललं हे सांगावंसं वाटतं, कारण आमच्या वाळूजच्या बजाजनगरात आता गल्लोगल्ली निवृत्त माणसं आहेत.

1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पुढे इतर कंपन्या आल्या, आणि बीड, जालना, परभणी, जळगाव, बुलढाण्याकडची तरुण मुलं इथे बिऱ्हाडं करून राहिली. ती पिढी आता साठीच्या आसपास आहे. आमच्या स्वयंपाकाच्या वेळा पाळ्यांवर ठरायच्या. फर्स्ट शिफ्ट असली की डबा पहाटेच, सेकंड असली की मध्यरात्री भाजी गरम करायची. दिवसभर लाईनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला चार भाकऱ्या लागत आणि त्या जिरतही. काम थांबलं, भूक ओसरली, म्हणून ताटही लहान करावं हे मला सरळ वाटलं.

पण ह्यांचे पाय बारीक होत चालले. लोक म्हणत, छान सडसडीत झालात. मला मात्र दिसत होतं की मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय ह्यांना उठता येत नाही, जिन्यात मध्येच थांबावं लागतं. डॉक्टरांनी साखर पाहिली, बीपी पाहिलं, आणि मग मला विचारलं, "काकू, दिवसभरात ह्यांच्या पोटात डाळ किती जाते?" वाटी-दोन वाट्या वरण, एवढंच मला सांगता आलं.

घरी येऊन कोरडी डाळ काट्यावर ठेवली. आमच्या पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम डाळ होती, म्हणजे प्रथिनं पाच ग्रॅमच्या आसपास. पोह्यात तीन-चार, भाकरीत चार-पाच, खिचडीत पाच-सहा, चहाच्या दुधात थोडी. सगळं मिळून बेरीज पंचविशीच्या पुढे जाईना. शरीराच्या दर किलो वजनाला दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वय वाढलं की उष्मांक कमी लागतात, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, कारण स्नायू आपसूक झिजतच असतात. मी भूक बघून सगळंच कमी केलं होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहारसूत्रं दिली, त्यात दोन हजार उष्मांकांच्या ताटात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि 400 ग्रॅम भाज्या आहेत. आमच्या ताटात धान्याच्या मानाने डाळ फारच थोडी पडत होती. ज्वारीवर माझी श्रद्धा आहे, पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. शेजारच्या जळगावकडच्या ताई ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, ती मी त्यांच्याकडून शिकले. आमचे धपाटेही तसेच. ज्वारी, हरभरा डाळ, थोडे गहू, आणि सोबत दही. कवळी बसवलेल्याला हे मऊ धपाटे सोपेही जातात.

ह्यांनी माळ घातलेली, त्यामुळे अंडं नाही. मग दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे आणि कडधान्यं यांतूनच पन्नास ग्रॅम जमवायचे. आणि इथेच आयत्या वेळचा स्वयंपाक कमी पडतो. दुपारी बाराला मटकी आठवून उपयोग नसतो. तिला मोड यायला आदल्या दिवशी भिजत घालावी लागते. म्हणून रविवारी संध्याकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत लिहिते: मटकी, चवळी, हुलगे, हरभरे, मूग. भाजी त्याप्रमाणे आणायची. अंबाडी, तांदुळजा, चुका, जी दिसेल ती. ती आणायला हेच चालत जातात, आणि त्या चालण्यानेही पायांना बळ येतं. मिठावर हात आखडता घेतला. पापड-लोणचं रोज वाढत नाही.

एकादशीचा फराळ बदलणं मात्र मला मनाला पटवावं लागलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. आषाढीला आम्ही वाळूजजवळच्याच छोट्या पंढरपूरला दर्शनाला जातो, त्या दिवशी आता भगर आणि शेंगदाण्याची दाट आमटी असते. उपवास मोडत नाही आणि संध्याकाळी थकवाही कमी वाटतो.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्यांचं गणित वेगळं असतं. बाकीच्यांना मी आता बिनधास्त सांगते, म्हाताऱ्या माणसाचं वरण दाट करा. ह्यांचा जिना अजून पूर्वीसारखा होत नाही. पण जमिनीवरून उठताना दोन हात टेकावे लागत, तिथे आता एक पुरतो. तुरीचा भाव चढला की माझा हात अजूनही डब्यात अडखळतो; त्या आठवड्यात हुलगे आणि चवळी जास्त लिहिते.