रंगूनची पहाट

वर्षावास संपला की भिक्खुसंघ चारिकेस निघतो. आम्हीही नाशिकहून ब्रह्मदेशाला, म्हणजे आजच्या म्यानमारला गेलो, ते डिसेंबर 2018 मध्ये. पावसाळ्यात चिंब होणारी ती भूमी या दिवसांत कोरडी आणि सुखद गार असते. 1954 साली याच महिन्यात, प्रकृती साथ देत नसतानाही, परमपूज्य बाबासाहेब तिसऱ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते.

पहाटे श्वेडागोन पॅगोडाच्या पायथ्याशी आम्ही पादत्राणे उतरवली. वरची संगमरवरी फरशी अनवाणी पायांना थंडगार लागली. आमची जात कोणीच विचारली नाही. आमच्या नाशकात मात्र 2 मार्च 1930 रोजी आमच्या आजोबांची पिढी काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभी राहिली. त्या सत्याग्रहींसाठी ते दार उघडले नाही. हे आठवले आणि डोळे भरून आले.

दर जूनला मुलांचे प्रवेश-अर्ज भरताना जातीचा रकाना समोर येतो. शिष्यवृत्तीसाठी तो भरावाच लागतो, आणि तो हक्क आपण सोडायचाही नाही. पण तो भरून झाला की आम्ही मुलांना श्वेडागोनची ती पहाट आवर्जून सांगतो.