बहामनी नावाची गोष्ट

बहामनी घराण्याचे नाव निघाले की आमच्या घराघरांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाच्या पदरी हसन नावाचा गरीब चाकर होता. शेत नांगरताना त्याला मोहरांचे भांडे सापडले; ते त्याने जसेच्या तसे धन्यापुढे नेऊन ठेवले. धन्याने प्रसन्न होऊन त्याचा राजयोग वर्तविला, आणि पुढे राजा झाल्यावर हसनाने धन्याच्या स्मरणार्थ आपल्या वंशाला ‘ब्राह्मणी’ नाव दिले! गोष्ट मोठी गोड. तीत चाकराचे इमान आहे, राजाची कृतज्ञता आहे, आणि ऐकणाऱ्या आम्हां मंडळींच्या अभिमानाला गुदगुल्या करण्याचा गुणही आहे.

परंतु ती सांगितली कोणी? फेरिस्त्याने, विजापुरास, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे १३४७ साली हसन दौलताबादेस गादीवर बसला त्यानंतर अडीचशे वर्षांनी. उलट त्याच राजाच्या आश्रयाने इसामीने १३५० साली जे फार्सी काव्य पुरे केले, त्यात या धन्याचा मागमूस नाही. राजाच्या नाण्यांवर तर ‘बहमन शाह’ असे स्वच्छ कोरलेले आहे. हा बहमन म्हणजे इराणच्या पुराणकथांतील इस्फंदियाराचा पुत्र. अहमदनगरच्या तबातबाने हसनाची वंशावळ थेट त्याच्यापर्यंत नेऊन भिडविली आहे.

आता ही वंशावळ तरी खरी काय? मुळीच नव्हे. फेरिस्त्यालाही ती ठाऊक होती आणि खुशमस्कऱ्यांची करामत म्हणून त्याने ती झिडकारली. तेवढ्यापुरता त्याचा न्याय चोख होता. महंमद तुघलकाविरुद्ध उठलेल्या बंडखोर सरदारांनी ज्याला तख्तावर बसविले, त्याला दिल्लीपेक्षा जुना पूर्वज हवाच होता. (सिंहासन मिळाल्यावर सूर्यवंश अथवा चंद्रवंश सापडण्यास आमच्याकडे तरी कितीसा वेळ लागे?) मात्र या दोन कल्पितांची योग्यता आम्ही सारखी मानीत नाही. बहमन हे नाव राजाने स्वतः निवडले, आपल्या नाण्यांवर घातले. ब्राह्मण त्याला मागाहून इतरांनी चिकटविला. माणसाने स्वतःला काय म्हणवून घेतले, हे आधी त्यालाच विचारावे.

ब्राह्मणाशी नाते शोधावयाचेच, तर अहमदनगरच्या निजामशाहीत शोधावे. तिच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मण कुळातला, असे तोच फेरिस्ता सांगतो. गंमत एवढीच, की त्या नावात ब्राह्मण शोधण्याच्या खटपटीस कोणी लागले नाही.